एक स्टॉप जास्त

मी थकतो लवकर. आताच नाही, पयलेपासून. माय सांगे का हा पोटात होता तवाबी दुसऱ्या पोराइसारखा लाथा मारत नव्हता, नुसता पडून राहे. अशा माणसाले काम भेटलं ते थांबाभाऊच्या फोटो स्टुडिओत. मले वाटलं आपलं नशीब उघडलं. काहून का तिथं कामच माणसाले बसवून ठेवाचं होतं.

थांबाभाऊ लाखनीचा फोटोवाला. हायवेच्या कडेले दुकान, समोरून ट्रकामागं ट्रक, अन् सकाळी झाडलेली धूळ दुपारपर्यंत परत आपल्या जाग्यावर. त्याचं खरं नाव पोस्टमनले माहीत होतं, बाकी कोणाले नाही. दुसरे फोटोवाले "रेडी" म्हणतात, "हसा" म्हणतात. हा म्हणे, "थांबा." बस एवढंच. पण आवाज असा का रस्त्यानं जाणारा सायकलवालाबी पाय टेकवे. वरून दुकानाच्या दाराशीच एस.टी.चा फळा होता, 'विनंती थांबा' लिवलेला. नवीन माणूस मले विचारे, "थांबा आडनाव समजलं जी, पण विनंती कोण, बायको का?" मी हो म्हणो. एकानं खरोखर विनंतीवहिनीले नमस्कार सांगतला.

मी तिथं लागलो ते गोंदिया आपल्यातून तुटून वेगळा झाला त्या सुमारास. जिल्ह्याची वाटणी झाली तशी आमच्या घराचीबी झाली. जिल्ह्याच्या हिश्श्याले तलाव तरी आले. मले भावानं सायकल देल्ली अन् तिची चेन आपल्याजवळ ठेवली.

थांबाभाऊनं विचारलं, "शिकला किती?"

"दुसरी. पण दोन डाव केली जी, म्हंजे चवथी धरा."

"तोंड बंद ठेवता येते का?"

"नाही."

"एका जाग्यावर उभं राहता येते का?"

"ते येते."

"मंग ये."

माझं काम होतं पांढरी चादर धरून उभं राहाचं. फोटोले बसलेल्या माणसाच्या एका गालावर दाराचा उजेड पडे, दुसरा गाल अंधारात जाये. चादरीवरून उजेड परत फिरे अन् अंधारातल्या गालावर जाऊन बसे. म्हंजे लोकाइच्या अर्ध्या तोंडाचा उजेड माझ्या हातात होता. घरी मी असंच सांगो. माय म्हणे, "धोबी झाला म्हण ना सरळ."

थांबाभाऊ माणूस पाहण्याच्या आंधी उजेड पाहे. कोणी घाईत आला, "भाऊ, फार्मले लावाचा आहे, लवकर काढा," का हा उठून पायरीवर जाये, वर पाहे, परत येऊन बसे.

"ढग जाऊ द्या."

"पासपोर्ट फोटोले ढगाचं काय काम जी?"

"तुमच्या नाकाले काम आहे."

अन् खरंच ढग जायेपर्यंत तो माणूस अन् त्याचं नाक दोघंही बसून राहत. एखादा चिडून उठून जाये. मी त्याच्या मागं धावो, समजावो, अन् माझं ऐकून तो जरा जास्तच लवकर जाये.

भर उन्हाळ्यातबी त्याच्या शर्टाची गळ्याची बटन लागलेली. एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक, मिचकावून मिचकावून तसाच राहून गेलेला. हसताना मी त्याले कमीच पाह्यलं. पण मले शिकवाले बसला का बोले. म्हणे, "तुले शाळेचं समजत नाही, वावराचं समजते ना? मंग ऐक. उजेड म्हंजे पाणी. फिल्म म्हंजे धानाची बांधी. बांधीत पाणी घेतो तवा काय करतो?"

"धुरा फोडतो," मी म्हणलो, म्हंजे बांधीचा बांध.

"किती फोडतो?"

"पायजे तेवढा."

"तेच भिंगाचं तोंड. जास्त फोडलं का धोधो पाणी. कमी फोडलं का बारीक धार. मंग किती वेळ फोडून ठेवतो?"

"भरते तवरक."

"तेच शटर. बारीक धार असन तर जास्त वेळ ठेव, मोठी धार असन तर लवकर बुजव. पाणी तेवढंच आलं पायजे. अन् बांधी काळ्या कन्हाराची आहे का मुरमाड बरडीची, तेबी पाह्य. कन्हार थोड्या पाण्यात भिजते, बरडी पेतच राहते. तशी एक फिल्म थोड्या उजेडात भागवते, एकीले जास्त लागते. जास्त पाणी झालं तर धान सडते, कमी झालं तर वाळते. सगळी फोटोग्राफी एवढीच आहे. बाकी माणसाले चूप बसवणं आहे."

मले सगळं समजलं. हेच वाईट झालं.

काहून का भिंगाच्या कड्यावर आकडे राहतात. चार, साडेपाच, आठ, अकरा, सोळा असे. कडं फिरवलं का टिक वाजते, त्या एका टिकीले तो स्टॉप म्हणे. एक टिक उघडलं का उजेड दुप्पट, एक टिक बुजवलं का अर्धा. एका घरी बारसं होतं, थांबाभाऊ तापानं पडलेला, अन् फ्लॅश बिघडलेला. त्यानं मले खाटेवरून सांगतलं, "घरात अंधार राहीन. भिंग पुरं उघडजो."

आता पुरं म्हंजे किती? आपल्याकडं पुरं म्हंजे सोळा आणे. सोळा आणे काम, सोळा आणे माणूस. मी कडं सोळावर नेलं अन् मोठ्या भरवशानं पुरा रील काढला. पाळणा, आत्या, नाव ठेवणं, घुगऱ्या, सगळं.

भिंगाचं उलटं आहे. आकडा मोठा तर तोंड बारीक. सोळा म्हंजे धुऱ्याले सुई टोचल्यासारखं. रील धुतला तर त्याच्यात ना पाळणा ना पोरगं. सगळ्या फोटोत छताचा एक बल्ब तेवढा आला. पोराचा आजा फोटो हातात घेऊन मले म्हणे, "बारसं आमच्या नातवाचं होतं, तू बल्बाचं केलं का गा?" त्या पोराले गावात अजूनबी बलब्या म्हणतात. आता तो मिशीवाला झाला. मले भेटला का रस्ता बदलते.

थांबाभाऊ रागावला नाही. उठून बसला, म्हणे, "चूक तुझी नाही. आकडे ठेवणाऱ्यानं आणे मोजले नसन." मंग परत झोपला.

गिऱ्हाइकाले बसवून ठेवाचं म्हंजे काही सांगत राहा लागे. हा सांगे कॅमेऱ्याच्या बुड्यापाड्याइची गोष्ट. म्हणे, पयला कॅमेरा म्हंजे नुसती खोली होती. अंधारी खोली, भिंतीले एक छेद, बाहेरचं सगळं छेदातून आत येऊन समोरच्या भिंतीवर पडे, पण उलटं. मी हसलो. तर त्यानं मले फोटो धुवाच्या खोलीत नेलं, दार लावलं, अन् दारातल्या खिळ्याच्या छेदावरचा कागद काढला. डोळे जरा सरावले, अन् मी पाह्यतो तर भिंतीवर हायवे. वरतं रस्ता, खालतं आभाळ, अन् एक ट्रक चाकं वर करून चाललेला. मी दार उघडून बाहेर धावलो, "पलटला, पलटला." चार माणसं जमा झाली. ट्रक आरामात साकोलीकडं चाललेला. त्या दिवसापासून चौकात मले पाहून कोणी ना कोणी विचारे, "आज किती पलटले गा?"

मंग म्हणे, त्या खोलीची पेटी झाली. भिंतीवरचं चित्र पकडून ठेवाचा मसाला सापडला, पण त्याले उजेड एवढा लागे का पयल्या फोटोले दिवस पुरला नाही. कागदाच्या आंधी कथलाचा पत्रा, तांब्याचा पत्रा, मंग काच, अन् मंग हा रील. कुठं फ्रान्स देशात एकानं खिडकीतून भरल्या रस्त्याचा फोटो काढला. घोडे, गाड्या, माणसं, सगळी चालून राहिली होती. फोटो पाह्यला तर रस्ता रिकामा. मसाला हळू होता, चालणारं काहीच त्याच्यात उतरलं नाही. एकच माणूस आला. तो जोडे पालिश कराले एका जाग्यावर उभा होता.

"पुऱ्या शहरातून एकच आला," थांबाभाऊ म्हणे. "काहून का तो थांबला. थांबा."

अन् क्लिक.

ही गोष्ट ऐकून बायाइचे डोळे मोठे होत, अन् फोटोत तेच येत.

त्याचा धंदा कमी होण्याचं कारण मातर ढग नव्हते. कारण होतं लग्नाचे फोटो. स्थळाले पोरीचा फोटो पाठवा लागते, अन् बाप पोरीले घेऊन येये का दारातूनच म्हणे, "भाऊ, जरा उजळ करून द्या." सगळेच फोटोवाले करून देत. एक स्टॉप जास्त. सावळी पोरगी गोरी होऊन जाये, नाकाची बाजू पुसल्या जाये, पण त्याचं कोणाले पडलेलं नव्हतं. थांबाभाऊ नाही म्हणे. असं नाही का तो वाईट काढे. सावळ्या पोरीले तो दाराजवळ बसवे, मले चादर घेऊन कधी इकडं कधी तिकडं फिरवे, अन् असा फोटो येये का पोरगी आपलीच आपल्याले पाहत राहे. पण काळी ते काळीच. म्हणे, "काळ्यातबी उजेड बसते. बसू द्या त्याले."

बाप उठून चौकातल्या स्टुडिओत जात. मी एकाले थांबवाले गेलो, म्हणलो, "काका, भाऊ खरा माणूस आहे. पोरगी काळी आहे त काळीच येईन." तो काका त्यानंतर आमच्या दुकानावरून सायकलवर बसून जाताना तोंड दुसरीकडं करे.

एक दिवस मी विचारलंच. "एका टिकीनं तुमचं काय जाते जी?"

तवा तो भिंग पुसून राहिला होता. पुसता पुसता सांगतलं. मी चादर धरून उभाच होतो, खाली ठेवाचं सुचलं नाही.

त्याची लहानी बहीण अड्याळले देल्ली होती, कापड विणणाऱ्या घरात. लग्नाच्या आंधी बाप त्याले म्हणला, पोरगी सावळी आहे, तू घरचाच फोटोवाला, पाह्य जरा. हा नवीन, हाताले मस्ती. एक स्टॉप जास्त देल्ला. फोटो अड्याळले गेला. पाहुणे आले ते दिवेलागणीले, पोरगी खाली मान घालून बसलेली, कोणी नीट पाह्यलं नाही, फोटो पाह्यलाच होता. लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सासू अंगणात चार बायाइच्या समोर फोटो घेऊन उभी राहिली अन् म्हणली, "ही कोण आणली? फोटोवाली कुठं ठेवली?"

"मंग?" मी म्हणलो.

"मंग काही नाही. नांदली. पण भाजीत मीठ जास्त झालं का सासू म्हणे, फोटोवालीनं असं केलं नसतं. पोरगी झाली तर म्हणे, फोटोवालीले पोरगा झाला असता. जे बाई जगात नाही ते माझ्या बहिणीच्या घरात सवत होऊन बसली. बसवली कोणी? मी."

ही बहीण, मी तिले ताई म्हणो, राखीले येये. लाखनीत त्याच्या घरी येये, ओवाळे, जेवे, माझ्यासारख्याचीबी चौकशी करे. पण दुकानाची पायरी चढत नव्हती. स्वतःच्या पोरीच्या लग्नात कॅमेरा तिच्याकडं फिरला का ती खांबामागं सरके. अन् फोटो हा शब्द तिच्या तोंडातून भावासमोर कधी निघाला नाही.

"भांडली असती तर बरं होतं," तो म्हणे. "एक डाव तरी म्हणावं तिनं, तुझा फोटो असा आहे म्हणून. चांगला म्हणो, खराब म्हणो. म्हणाले पायजे."

एवढी वर्षं तो त्या एका शब्दाची वाट पाहून राहिला होता, अन् मले वाटे का ढगाची.

आता माझं सांगतो. माझं वय निघून चाललं होतं. माय म्हणे, मी डोळे मिटाच्या आंधी तुझ्या डोक्यावर बाशिंग पाहू दे, मंग तू झोपून राह्य जन्मभर. मी थांबाभाऊले म्हणलो, "माझा फोटो काढा ना जी. अन् एक स्टॉप द्या."

"कायले?"

"लग्न कराचं आहे."

"तुझं का फोटोचं?"

मी चुपचाप चौकातल्या स्टुडिओत गेलो. तिथल्या फोटोवाल्यानं पावडर लावली, दुकानातला कोट घातला, दोन मोठे लाइट तोंडावर सोडले. फोटो घरी आणला तर मायनं विचारलं, "हा पाहुणा कोण?"

फोटो सानगडीले गेला. पोरीचा बाप अन् मामा पोरगा पाहाले निघाले. मी नवा शर्ट घालून बसस्टँडवर घ्याले गेलो. दोघं उतरले, मी हात जोडले. त्याइनंबी जोडले. मामानं खिशातून फोटो काढला, माझ्या नाकासमोर धरला अन् विचारलं, "दादा, ह्या पोराचं घर कोणतं?"

मी फोटो पाहत राहिलो. खरं सांगतो, मलेबी वाटलं का पोरगा चांगला आहे, ह्याले पोरगी द्याले काही हरकत नाही.

"या, दाखवतो," म्हणलो.

रस्त्यानं बाप विचारे, "पोरगा कसा आहे गा?"

"चांगला आहे जी. जरा आळशी."

"पेत नाही ना?"

"प्याले पैसे पायजे ना जी."

घरी नेलं, खाट टाकली, पाणी देल्लं. बाप इकडंतिकडं पाहे. "नवरदेव कुठं गेला?" माय म्हणली, "हा काय तुमच्यासमोर गिलास धरून उभा आहे." बापानं फोटो पाह्यला, मले पाह्यलं, अन् पाणी तेवढं पुरं पेला. चाहाले थांबले नाही. मामा दारातून फिरला, जरा हसून म्हणला, "फोटोतला पोरगा कुठं ठेवला जी? त्याचं कुठं जमलं नसन तर कळवजा."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात ही सगळी गोष्ट रंगवून सांगतली. चालून दाखवली, गिलास धरून दाखवला. माझी फजिती सांगाले मले कधी लाज वाटली नाही, तेवढंच एक काम मले येते. थांबाभाऊ हसन असं वाटलं. मामाचं बोलणं सांगतलं तवा तो उभा राहिला. दुकानाचं अर्धं दार लोटलं. स्टूल दाराच्या फटीसमोर ठेवला.

"बस."

"आता कायले जी? गेले ना ते."

"बस म्हणलो."

चादर धराले कोणी नव्हतं, तर त्यानं ती खुर्चीवर टाकून माझ्या बाजूले सरकवली. मी बसलो. कॅमेऱ्यासमोर मी कधी बसलोच नव्हतो, इतक्या लोकाइले बसवलं पण. मी छाती फुगवली. तो तसाच उभा. मी हसून पाह्यलं. तो उभा. मी मान तिरपी केली, एखाद्या नखरेल गिऱ्हाइकासारखा डोळा बारीक केला, एक दोन गोष्टी सांगतल्या. त्यानं एकीलेबी हुंकार देल्ला नाही. बाहेर ट्रक जाऊन राहिले, दाराच्या फटीतला उजेड हळूहळू माझ्या गुडघ्यावरून वर आला. पाठ दुखाले लागली. माझ्याजवळच्या सगळ्या नकला संपल्या. माय आठवली, ते सानगडीवाल्याइचं पाणी पेणं आठवलं. आता काढ नाहीतर नको काढू, असं मनात म्हणलो अन् खांदे सोडून देल्ले.

तवा त्यानं दाबलं. थांबाबी म्हणला नाही.

फोटो धुऊन हातात देल्ला. काळा माणूस. एक कान मोठा. कपाळावरची एकन् एक रेघ, अन् डोळे असे का दिवसभर चिखल करून आलेले बैल. मी म्हणलो, "भाऊ, आता मी बिनलग्नाचा मरतो."

त्यानं फोटो कागदात गुंडाळला. "अड्याळले जा. ताईच्या हातात दे."

"ताईच्या?"

"तिच्या गल्लीत एक पोरगी आहे. वय झालेली, रंगावरून किती डाव नाकारलेली. ताईनंच राखीले सांगतलं होतं. फोटो दे अन् ये. काही बोलू नको."

"अन् ताईनं घेतलाच नाही तर?"

तो दार उघडाले लागला. "तर परत आणजो."

मले समजलं का हा फोटो माझ्या लग्नाचा कमी अन् त्याचा जास्त आहे. बसमध्ये मी त्याले मांडीवर घेऊन बसलो, जसा तो अंडं असन.

अड्याळले बजाराचा दिवस होता. ताईच्या घरी समोरच्या खोलीत माग, मागावर ताईचा नवरा खटक खटक करून राहिला होता, अन् ताई चरख्यावर कांड्या भरत बसलेली, म्हंजे आडव्या धाग्याच्या बारीक नळ्या. कोपऱ्यात बाजेवर सासू. खूप बुडी, डोळ्यानं कमी दिसे, पण आवाज शाबूत. मी नमस्कार केला अन् पुडा समोर धरला. ताईचा चरखा थांबला.

"काय आहे?"

"भाऊनं देल्लं जी."

तिनं हात पुढं केला नाही. पुड्याकडं पाहत राहिली. आकारावरून काय आहे ते समजते. मागाचा आवाज तेवढा चालू. काही बोलू नको असं सांगतलं होतं, पण मी कोण, मी मी आहो.

"माझाच आहे जी," म्हणलो. "स्थळाले. पण खराब आला."

"खराब म्हंजे?"

"मी आहो तसाच आला."

ताईनं पदराले हात पुसले. पुडा घेतला, सोडला, अन् घरात न पाहता दाराशी गेली, उजेडात. फोटो पाह्यला. मले पाह्यलं. परत फोटो. मंग मले म्हणली, "इकडं ये, उन्हात." मी गेलो. तिनं फोटो माझ्या कानाजवळ धरला अन् आंधी हे मंग ते, आंधी हे मंग ते, असं खूप वेळ पाह्यलं. कपड्याच्या दोन्ही बाजू पाहतात तसं.

सासूनं कोपऱ्यातून विचारलं, "कोण आलं वं?"

"फोटोतला आला," ताई म्हणली.

"मंग दुसरा कोण उभा आहे?"

"दुसरा कोणी नाही. हाच तो."

बुडी बाजेवर उठून बसली. मागाचा आवाज बंद झाला, पण तो धागा तुटला म्हणून.

ताई तसाच फोटो घेऊन गल्लीत गेली. मी बसलो. सासूनं मले विचारलं, शेती किती, भाऊ किती, सायकल आहे का. मी सायकल आहे म्हणलो, चेनेचं सांगतलं नाही. ताई परत आली ते हात रिकामे.

"ठेवून घेतला तिनं," म्हणली. "म्हणली, माणूस थकलेला दिसते. पण जो आहे तो दिसते. मायले घेऊन ये म्हणा."

मी काही हसण्यासारखं बोलाले गेलो, पण मले बोलताच आलं नाही. आजवर असं एकदाच झालं.

मी पायरी उतरलो तवा ताईनं हाक मारली. चरख्यावर परत बसली होती, माझ्याकडं पाहत नव्हती.

"भाऊले सांगजो," म्हणली, "फोटो बरोबर आला म्हणा."

लाखनीले उतरलो तर थांबाभाऊ पायरीवर उभा. आभाळात ढग नव्हते. मी दुरूनच ओरडलो, "हो म्हणली."

"कोण?"

"पोरगी."

"ते नाही. ताई काय म्हणली? घेतला का?"

"घेतला. उन्हात नेऊन पाह्यला. म्हणली, भाऊले सांग, फोटो बरोबर आला."

"फोटो म्हणली?"

"फोटोच म्हणली."

"चांगला म्हणली का बरोबर म्हणली?"

"बरोबर."

त्यानं गळ्याची बटन खोलली. मंग दुकानात गेला, फोटो धुवाच्या खोलीत गेला, आतून कडी लावली. दारावरचा लाल बल्ब लागला. तो बल्ब लागला का दार उघडाचं नाही, उघडलं का आतलं सगळं काळं होते, एवढं मलेबी माहीत होतं. पण त्या दिवशी आत ना रील होता ना कागद. सकाळीच सगळं संपलं होतं, मीच झाडून काढलं होतं.

मी दारासमोर स्टूल टाकून बसलो. एक बाप पोरीले घेऊन आला, त्याले उद्या या म्हणलो. एक ट्रकवाला आला, लायसनले फोटो पायजे होता, घाईत होता.

"भाऊ कुठं आहे?"

"आत. फोटो धुऊन राहिले."

"किती वेळ लागन?"

आतून काहीच आवाज नव्हता. पाण्याचाबी नाही.

"सांगता येत नाही," म्हणलो. "जुना आहे. खूप वर्षं धुवाचा राहून गेला होता."